जालमचा रेडा नाल्यात का गेला

"पोकळ झाड ओळखता न आल्याने जालमदादांच्या हातून साखळी नेमकी त्याच झाडाला बांधली गेली आणि ते अवाढव्य यंत्र नाल्यात कोसळले. पण एका चुकीने माणसाचे आयुष्य मोजू नये. जंगलाने त्यांना केव्हाच क्षमा केली असेल."

तीन आठवड्यांपूर्वी याच पुरवणीत, जालमच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखातली ही वाक्ये आहेत. लेखकमहाशय सुशिक्षित आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, आणि त्यांचे वडील जंगल कामगारांच्या सहकारी संस्थेचे चिटणीस होते, हे सर्व मला मान्य आहे. घटना घडली तेव्हा ते स्वतः पाळण्यात होते, हे त्यांनाही मान्य असावे. लेख वाचून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तात्या, तुम्ही एवढे का तापता? मी तर त्यांचं कौतुकच केलंय. शेवटी क्षमासुद्धा केली." मी विचारले, "कशाबद्दल?" क्षमा करायला आधी अपराध लागतो. तो कोणाचा होता, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ही लेखणी उचलली आहे.

जालम गेल्याची बातमी मला त्याच्या नातीने, सुनंदाने, कळवली. ती आश्रमशाळेत शिक्षिका आहे. "आजोबा, आमचा आजा सकाळी गेला. झोपेतच..." एवढेच ती बोलली. मी शहाद्याहून बसने नंदुरबारला आणि तिथून पॅसेंजरने खांडबाऱ्याला पोहोचलो, तोवर सगळे उरकलेले होते. पुढे दिवसकार्याला पुन्हा गेलो. जेवणे झाल्यावर सुनंदाने मला बाजूला घेऊन एक कागद दाखवला. जालमने ज्या यंत्रावर उमेदीची वर्षे घालवली ते लाकूड डेपोच्या मागच्या गवतात कित्येक वर्षे गंजत पडले होते. आता ते बाहेर काढून, रंग देऊन, डेपोच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवले आहे, आणि समोर माहितीचा फलक लागायचा आहे. फलकाचा मसुदा त्या लेखावरून घेतलेला होता. त्यात 'चालकाच्या नजरचुकीने' हे शब्द होते. "आमच्या शाळेची मुलं सहलीला तिथं जाणार, आजोबा. माझ्या वर्गातली मुलं. त्यांना हे वाचून दाखवायचं का मी?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "फलक थांबव. मी लिहून देतो." त्यानंतर दोन आठवडे मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

आधी त्या यंत्राविषयी, कारण लेखात त्याला 'वाफेचे इंजिन' म्हटले आहे. ते वाफेचे नव्हते, डिझेलचे होते. सागाच्या दोन जाड ओंडक्यांची घसरपट्टी, तिच्यावर इंजिन, इंजिनापुढे पोलादी तारेचा दोर गुंडाळलेला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा रहाट, आणि शेजारी चालकाची बैठक, असे ते धूड होते. दरीत तोडलेले ओंडके तारेने वर ओढून काढायचे, हे त्याचे काम. त्याला चाके नव्हती. जागा बदलायची तर आपलाच दोर पुढच्या झाडाला बांधून ते स्वतःला फरफटत नेई. फुरफुरे फार, म्हणून मजुरांनी त्याचे नाव रेडा ठेवले होते. महायुद्धानंतर सैन्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात एका ठेकेदाराने ते मुंबई बंदरावर उचलले आणि ठेकेदाराकडून ते संस्थेकडे आले. बाजूला पितळी पट्टी होती. ती मी जालमला पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवली. अमेरिकेच्या पश्चिमेला प्रशांत महासागराच्या काठावर जंगले आहेत, तिथल्या झाडांसाठी हे घडवलेले आहे, आणि ती झाडे अशी की आठ माणसांनी हात धरले तरी खोडाला वेढा पुरत नाही, असे मी माझ्या शाळकरी भूगोलाच्या बळावर त्याला ऐकवले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मंग तठला मानसं केवढा व्हतीन, सायेब?" मी म्हणालो, आपल्याएवढीच. तो म्हणाला, "तव्हय त्यासले रेडा लागना." म्हणजे, म्हणूनच तर त्यांना रेडा लागला.

मी त्या वेळी नवाच फॉरेस्टर होतो. सपाटीवरच्या शेतकरी घरातला, तापीकाठच्या काळ्या मातीचा माणूस. झाडे म्हणजे मला बांधावरचा लिंब आणि आंबा. जालम माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा होता. घरात तो मावची बोले, माझ्याशी मात्र माझीच अहिराणी, आणि ती अशी ठसक्यात की माझी आई एकदा त्याला भेटून म्हणाली होती, "हाऊ आपला कोन लागस?" मला जंगल त्याने शिकवले. ते शिकवणेही असे की शिकणाऱ्याचा मान राहावा. मी चुकीच्या पायवाटेला लागलो की तो म्हणे, "सायेब, तिकडथून बी जाता येस, पन तिकडे आपलं गाव नही." त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलत... ते खांदे हलू लागले की मी समजून घेई.

रेड्यावर बसण्याआधीचा त्याचा एक रिवाज होता. ओंडका खालून वर ओढायचा तर रेडा स्वतः जागचा हलता कामा नये. म्हणून त्याला मागच्या बाजूने जाड साखळीने एखाद्या उभ्या झाडाशी जखडत. सगळा भार शेवटी त्या झाडावर येई. जालम ते झाड निवडताना कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने खोडावर तीन ठोके घाली: एक गुडघ्याशी, एक कमरेशी, एक डोक्याच्या वर. मग खोडाला कान लावून उभा राही. भरीव साग थोडक्यात, बसकट उत्तर देतो आणि पोकळ झाड लांबवर बोलत राहते, असे तो सांगे. मी पुष्कळदा कान लावला. मला माझ्याच रक्ताचा आवाज ऐकू येई. तो म्हणे, "व्हई, व्हई, ऐकाले येवाले दहा वरीस लागतस. तुम्हना आते दुसरा महिना शे." जंगलात वाढलेल्या जुन्या मजुरांनाही त्याच्याइतके नेमके कळत नसे. अशा माणसाला पोकळ झाड ओळखता आले नाही, हे वाक्य लिहिताना लेखकमहाशयांचा हात कसा थांबला नाही, मला समजत नाही.

इतर आवृत्त्यांचाही समाचार घ्यायला हवा, नाहीतर फलकाच्या दुसऱ्या मसुद्यात त्या शिरतील. विसरवाडीच्या नाक्यावर चहा पिता पिता एक निवृत्त ट्रकचालक आजही सांगतो की जालम त्या दिवशी प्यायलेला होता. जालम पीत असे. होळीला पीत असे, लग्नात पीत असे, आणि प्याल्यावर त्याला जगातल्या प्रत्येक माणसाची कीव येई. पण हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत तो मोहाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. त्या दिवशी सकाळी मी त्याच्यासोबत एकाच ताटलीत भाकरी खाल्ली आहे. याच चालकाचे पुढचे म्हणणे असे की रेडा घसरताच जालम उडी टाकून पळाला. पळालेल्या माणसाचा डावा गुडघा बैठक आणि लिव्हर यांच्यामध्ये सापडून चुरा होत नाही. त्याचा झाला. दोर ताणलेलाच राहिला असता तर रेड्याने स्वतःलाच खाली खेचून नेले असते. तो सुटा करायला जालम बैठकीवर राहिला, म्हणून रेडा नाल्याच्या अर्ध्यावर दगडांत अडकला, आणि म्हणूनच आज त्याला रंग द्यायला तो शिल्लक आहे. तिसरी आवृत्ती जालमच्या घरची आहे. ते झाड देवाचे होते, देव कोपला. देवाशी मी वाद घालत नाही. परंतु देवाची झाडे तोडीतून वगळलेली होती आणि ती वगळताना जालम स्वतः माझ्यासोबत हिंडला होता. ते झाड देवाचे नव्हते. ते सरकारचे होते, म्हणजे त्या जंगलापुरते माझे होते.

आता ते सांगायलाच हवे. तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात जे झाड तोडायचे त्याच्या बुंध्यावर हातोड्याने सरकारी शिक्का उठवतात. तो हातोडा फॉरेस्टरच्या ताब्यात असतो. तो मी उशाशी घेऊन झोपत असे, इतका मला त्याचा अभिमान होता. ज्या झाडावर शिक्का नाही ते राखायचे, त्याच्या सालीलाही इजा होता कामा नये, असा नियम. साखळीने साल सोलवटते. तेव्हा साखळी शिक्क्याच्याच झाडाला बांधायची, हे माझे म्हणणे कागदावर बिनचूक होते. त्या दिवशी नाल्याच्या काठावर, रेड्याच्या मागे, दोनच झाडे कामाची होती. एक सरळ, बिनशिक्क्याचे. दुसरे त्याहून जाड, शिक्क्याचे. शिक्का मीच उठवलेला होता, कारण त्याचा शेंडा वाळत चालला होता. वाळत्या शेंड्याचे झाड तोडीला काढायचे हे मला कळले होते. ते का वाळते आहे, हे मी स्वतःला विचारले नव्हते.

जालमने दोन्ही झाडांना ठोके घातले, कान लावला आणि साखळी घेऊन बिनशिक्क्याच्या झाडाकडे निघाला. मी त्याला थांबवले. तो म्हणाला, "सायेब, तुम्हनं झाड पोकय शे. येन्हा पोटमा काही नही." मी नियम सांगितला. तो म्हणाला, "साल तं परत येस." मी पुन्हा नियम सांगितला, या वेळी चार मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि वर विचारले, "फॉरेस्टर तू की मी?" जालमने माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या पाहण्यात... जत्रेत आपल्या पोराने भलताच हट्ट धरावा आणि बापाने क्षणभर विचार करावा, तसे काहीसे होते. मग तो साखळी उचलून माझ्या झाडाकडे गेला. तो नाही म्हणाला असता तर मी दुसऱ्या कोणाला तरी रेड्यावर बसवले असते, आणि हे त्याला ठाऊक होते.

चौकशीला वरचे अधिकारी आले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात खाटेवर जालम पडला होता, गुडघ्याला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. जबाब लिहून घ्यायला मला बसवले होते, कारण माझे अक्षर चांगले. साहेबांनी विचारले, "ते झाड कोणी निवडलं?" जालम म्हणाला, "साकई मी बांधी, सायेब." साहेबांनी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले, आणि माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. मी लिहिले: 'साखळी मी बांधली.' ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. नोकरीत कायम होण्याला मला थोडेच महिने उरले होते, ही वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. सबब म्हणून नव्हे. जालमला रेड्यावरून उतरवून डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लावण्याच्या कामावर घेतले. लंगडत, पण त्याने ते काम शेवटपर्यंत केले. रेड्यावर जो नवा माणूस बसला त्याला चार हंगामांतही तो नीट हाकता आला नाही. पुढे तोड बंद झाली आणि रेडा गवतात गेला. दरवर्षी दसऱ्याला जालम तेलाची बुधली घेऊन डेपोच्या मागे जाई आणि त्याच्या रहाटाच्या दात्यांत तेल सोडी. कोणी सांगितले नव्हते. निवृत्त झाल्यावरही तो जात असे.

मी मात्र बढत्या घेत राहिलो. आमची मैत्री तुटली नाही, याचे श्रेय सर्वस्वी त्याचे आहे. हिवाळ्यात तो ओल्या तुरीच्या शेंगांचे गाठोडे एसटीच्या वाहकाबरोबर शहाद्याला धाडी. वाहकाला ताकीद असे की पाटील सायबांच्याच हातात द्यायचे. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्याच्या अंगणात उकडलेल्या शेंगा सोलत बसलो असताना, इतकी वर्षे विचारायचे राहिलेले मी अखेर विचारले. "जालमभाऊ, तू त्या सायेबले मन्हं नाव का नही सांगं?" तो शेंग सोलत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही ग्यात तं नवा सायेब येता. तेले परत पहिलेपासून कोन शिकाडता?" आणि त्याचे खांदे हलू लागले. मीही हसलो. त्याची बायको आतून ओरडली, "काय हसी ऱ्हायनात दोन्ही म्हातारा?" आम्ही काही सांगितले नाही. ती विचारणारी आता नाही, सांगणाराही नाही. फक्त मी आहे, आणि माझ्या डोळ्यांना अलीकडे पाणी फार येते. डॉक्टर म्हणतात वयामुळे.

येथे लेखकमहाशय म्हणतील, आणि फोनवर जवळजवळ म्हणालेच, की मित्राच्या मायेपोटी तात्या दोष स्वतःवर ओढून घेत आहेत. ते चार मजूर आज हयात नाहीत. कागदावर जालमचा जबाब आहे. जालमला झाड पोकळ असल्याचे खरोखर कळले होते कशावरून? कळले असते तर तो बसला कशाला? प्रश्न रास्त आहे. चौकशीच्या अहवालातले एक वाक्य त्यांनी लेखात दिले आहे: 'घटनेच्या वेळी यंत्राजवळ चालकाखेरीज कोणीही नव्हते.' अधिकाऱ्यांनी हा जालमच्या हयगयीचा आणखी एक पुरावा मानला होता, कारण मदतनीसांशिवाय यंत्र चालवणे नियमबाह्य होते. लेखकमहाशयांनी हे वाक्य योगायोग म्हणून दिले आहे: सुदैवाने जीवितहानी टळली.

सुदैव कोठून आले ते सांगतो. ओंडका ओढताना चारही मजूर उतारावर दोराच्या दुतर्फा असत, आणि मी वही घेऊन साखळीच्या झाडाला टेकून उभा राहत असे. ती माझी रोजची जागा. त्या दिवशी साखळी बांधून झाल्यावर जालमने त्या चौघांना आधी सरपण आणायला पिटाळले. मग बैठकीवर चढण्यापूर्वी तो माझ्याकडे आला. मी अजून घुश्श्यात होतो. मला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी तिथून हलवता आले नसते, आणि हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नाल्यापलीकडे आदल्या दिवशी मी शिक्के उठवून रचून घेतलेली ओंडक्यांची थप्पी होती. तिकडे बोट दाखवून तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सायेब, तठला लाकडेसवर तुम्हना हातोडा बराबर उठना नही. जरा देखी या."

माझा हातोडा! मी तरातरा नाला ओलांडून गेलो, थप्पीवर वाकलो आणि एकेक ओंडका बोटाने चाचपत तपासू लागलो. शेवटच्या ओंडक्यापर्यंत आलो होतो तेव्हा मागे मुळे उपटल्याचा आवाज झाला. वळून पाहिले, तर माझ्या रोजच्या जागेवर झाड नव्हते आणि जमीनही नव्हती.

त्या थप्पीतल्या एकूण एक ओंडक्यावर शिक्का स्वच्छ उठलेला होता.